फाईलताईंची डच

दप्तरखान्यात नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी सांगितल्या जात. एक, पंखा दोनच्या वर ठेवायचा नाही, कागद उडतात. दुसरी, काही सापडत नसेल तर डोकं खाजवत बसायचं नाही, फाईलताईंना विचारायचं. फाईलताई म्हणजे तळमजल्यावरच्या वरिष्ठ लिपिक. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तेच म्हणत, आणि घरी नवराही थट्टेत असला की तेच म्हणे.

वीस वर्षांत सगळं दप्तर त्यांना तोंडपाठ झालं होतं. अपवाद एकाच कपाटाचा. मागच्या खोलीतल्या त्या लोखंडी कपाटात एके काळच्या डच व्यापाऱ्यांच्या वखारीची कागदपत्रं होती. फाईलताई दर वर्षी त्यांच्यावरची धूळ झटकत, डांबराच्या गोळ्या बदलत, फिती सैल करून पुन्हा बांधत. आत काय लिहिलंय ते त्यांना कळत नसे. आंधळ्याने आरसा पुसावा, तसं ते काम होतं.

संशोधक येत, त्यांच्याकडून कागदांचे बांधलेले रुमाल सोडवून घेत, आणि वर्षा-दोन वर्षांनी जाडजूड पुस्तकं छापत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मोठमोठ्या नावांखाली एक ओळ असे : ‘तसेच दप्तरखान्याच्या कर्मचाऱ्यांचेही आभार.’ त्या ‘तसेच’मध्ये फाईलताई असत. हे त्यांना टोचे, पण त्या बोलत नसत.

एकदा विद्यापीठातले इतिहासाचे सर त्या कपाटापुढे उभे राहून हळहळले, “एवढा खजिना पडलाय, पण डच वाचणारं माणूस नाही हो आपल्याकडे.”

“मी शिकतेय, सर,” फाईलताई म्हणाल्या.

तोवर त्यांना डचचं एक अक्षर येत नव्हतं. तोंडातून निघून गेलं खरं, आणि कानशिलं तापली. सरांनी मात्र वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं वीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. “मग पीएच.डी.ला का नाही नोंदवत नाव?” असं ते म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी फाईलताई आपलं बोलणं खरं करायला निघाल्या.

त्यांच्या घराच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर, सिस्टर राहत. वय एकाहत्तर. अठ्ठावीस वर्षं हॉलंडमधल्या एका इस्पितळात नर्स म्हणून काढलेली. नवरा गेल्यावर त्या परत आल्या होत्या आणि गल्लीतल्या लोकांचं ब्लडप्रेशर फुकट मोजून देत होत्या. फाईलताईंनी दारात उभ्या उभ्याच विचारलं, “मावशी, मला डच शिकवाल?”

“कशाला गं? तिकडे जायचंय?”

“नाही. वाचायचंय.”

सिस्टर हसल्या. “वाचायला शिकवायला मी काही मास्तरीण नाही. पण बस. चहा घेशील ना?”

बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी साडेपाच. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर फुलाफुलांचं मेणकापड, आणि पुस्तक म्हणून औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं, जुनी कॅलेंडरं, मैत्रिणींची पत्रं. सिस्टरना व्याकरण येत नव्हतं, भाषा येत होती. नियम विचारला की त्या म्हणत, “नियम मला काय ठाऊक? पण असं म्हटलं तर तिथे लोक हसतात, एवढं सांगते.”

एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्याच महिन्यात घोटून घेतली. “हे बघ, त्यांच्या क्रियापदाला शेपूट असतं. धड वाक्याच्या सुरुवातीला आणि शेपूट पार शेवटी. ताप ‘नेम्ट’ एवढंच ऐकून काही कळत नाही. शेवटी ‘आफ’ आलं तर ताप उतरतोय, ‘तू’ आलं तर चढतोय. मी नवी होते तेव्हा डॉक्टरांचं अर्धं वाक्य ऐकून बर्फ आणायला धावले. आले तर रोगी मजेत बसलेला आणि सगळा वॉर्ड मला हसतोय. आपलंही तेच आहे की. ‘तुला घेऊन जाईन असं मी म्हटलं’ इथपर्यंत ऐकलंस आणि पुढचं ‘नव्हतं’ सोडलंस, तर बॅग भरून बसशील!”

वर्षभराने दोघी जुन्या कागदांकडे वळल्या. तेव्हा लक्षात आलं की तीनशे वर्षांपूर्वीचं ते वळणदार हस्ताक्षर सिस्टरना मुळीच लागत नव्हतं आणि फाईलताईंना लागत होतं. जुनी अक्षरं लावण्यात त्यांची उमर गेली होती. मग फाईलताई अक्षरं लावून मोठ्याने वाचत आणि सिस्टर डोळे मिटून ऐकत अर्थ सांगत. “हं, हा शब्द म्हणजे बायको. शब्दशः घरवाली. बघ, तिकडेही तीच तऱ्हा.” एकीचे डोळे आणि दुसरीचे कान. दोन संध्याकाळींत एक पान व्हायचं.

मग पीएच.डी.च्या नोंदणीचा फॉर्म आला. त्यात रकाना होता : ‘परकीय भाषेचे शिक्षण कोठे व कोणाकडे घेतले’. फाईलताईंनी पेन उचललं. शिंप्याच्या दुकानावरचं स्वयंपाकघर, मेणकापड, खोकल्याच्या औषधाचं माहितीपत्रक हे सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यांनी लिहिलं, ‘स्वयंअध्ययन’. सरांनी ते वाचून सही करताना मान डोलावली. “कमाल आहे तुमची. एकटीने!” तेव्हा दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांनी गिळलं.

एकदा गिळलं की पुढचे घास सोपे जातात. चर्चासत्रात एका पाहुण्याने विचारलं, “तुमचे गुरू कोण?” फाईलताई म्हणाल्या, “कुणी नाही. आपलं आपणच.” टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत त्यांचा नवरा बसला होता. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. मोजकं बोलणारा माणूस. घरी जाताना त्याने एवढंच विचारलं, “सिस्टर नाही आल्या आज?”

“बरं नव्हतं त्यांना,” फाईलताई म्हणाल्या. खरं तर त्यांनी बोलावलंच नव्हतं.

बुधवार सुटला, मग शनिवारही. ‘काम फार आहे, मावशी’ असा निरोप जाई. आता कोश हाताशी होता, अक्षर लागत होतं. सिस्टरशिवाय पान दोन संध्याकाळींऐवजी एका तासात होई. होणारच. अडवणारं कुणी नव्हतं.

अशाच एका तासात त्यांना ती नोंद सापडली. वखारीच्या रोजनाम्यातली, पानाच्या अगदी तळाची. एका कारकुनाबद्दल होती. ‘सायंकाळी ब्राख्त त्याने आपल्या घरवालीला कोठारात’. ब्राख्त म्हणजे आणलं. ‘कोठारात’वर पान संपत होतं. पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘ओम’ एवढा दोनच अक्षरांचा शब्द आणि पुढे ओल लागून कागद गेलेला, बोटभर भोक. कोशात ‘ओम’ म्हणजे ‘साठी’. आणलं, कशासाठी तरी. कशासाठी?

फाईलताईंना बायकांच्या कामाबद्दल लिहायचं होतं. कारकुनांच्या बायका घरात बसून नव्हत्या, कोठारात नवऱ्यांच्या बरोबरीने राबत होत्या, हे त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त पुरावा हवा होता. वहीत त्यांनी चौकटी कंसात लिहिलं : [माल निवडण्यासाठी?]. पक्का खर्डा करताना आधी प्रश्नचिन्ह गळालं. टंकलेखनात कंस गळाला. निबंधात वाक्य उभं राहिलं ते असं : ‘सायंकाळी त्याने आपल्या पत्नीला माल निवडण्यासाठी कोठारात आणले.’ त्या एका वाक्यावर त्यांनी अकरा पानं उभी केली.

पुढच्या चर्चासत्रात त्यांनी तो वाचला आणि निबंध गाजला. रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर लेख आला, ‘लिपिक झाली संशोधक’, सोबत त्यांचा फोटो आणि शेजारी त्या रोजनाम्याच्या पानाचाही.

सोमवारी दुपारी सिस्टर दप्तरखान्यात आल्या. इस्त्रीची साडी, हातात घडी केलेली पुरवणी, पर्समध्ये भिंग. त्या कधी इथे आल्या नव्हत्या. फाईलताईंच्या टेबलाशी सर बसले होते, दोन विद्यार्थिनी उभ्या होत्या, फोटोवरून थट्टामस्करी चालली होती. सिस्टरना पाहून सर अदबीने उठले. “या कोण?”

सिस्टरच्या चेहऱ्यावर हसू होतं. फाईलताईंनी ते पाहिलं, आणि तरीही त्या म्हणाल्या, “आमच्या मागच्या गल्लीत राहतात.”

हसू लगेच मावळलं नाही. हळूहळू मावळलं. “हो,” सिस्टर म्हणाल्या, “मागच्या गल्लीत.”

मग त्या फाईलताईंना खिडकीशी घेऊन गेल्या. पुरवणी उघडली, भिंग पानाच्या तळाशी धरलं. “अगं, मला ते अक्षर लागत नाही, तुला माहितीये. पण फोटोखाली तू लावलेला मजकूर छापलाय, तो ताडून बघत होते. इथे, अगदी कोपऱ्यात, ओळीच्या खाली, ‘ओम’ लिहिलंय ना? ते कशाला?”

“ती पानाची खूण असते, मावशी. पुढच्या पानाचा पहिला शब्द खाली लिहायची पद्धत होती. पानं विस्कटू नयेत म्हणून.”

“म्हणजे वाक्य पुढे चालूच आहे.” सिस्टरचा आवाज खाली आला. “मग तो ‘ओम’ त्या ‘ब्राख्त’चं शेपूट तर नाही? दोन्ही मिळून आणणं होत नाही गं. दोन्ही मिळून... जीव घेणं होतं. आमच्या वॉर्डात एक बाई आली होती, तिच्या कागदावर पोलिसांनी हाच शब्द लिहिला होता. म्हणून माझ्या लक्षात राहिला.”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. मागे विद्यार्थिनी हसत होत्या. फाईलताईंना वाटलं, सगळे ऐकताहेत. आणि त्या बोलल्या ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, “अहो, तीनशे वर्षांपूर्वीची डच वेगळी असते. ती दवाखान्यातल्या डचने नाही लागत.”

सिस्टरनी भिंग पर्समध्ये ठेवलं. पर्सची चेन लागायला त्रास देत होती. दोनदा ओढावी लागली. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “मला काय कळतंय त्यातलं.” आणि जिन्याच्या कठड्याला धरत खाली गेल्या.

सर गेल्यावर फाईलताईंनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि रोजनामा काढला. माथ्यावर ‘ओम’. त्याच्यापुढे त्यांना आजवर जो भोकाचा काठ वाटला होता, तो स्वल्पविराम होता; वाक्य ‘ओम’पाशीच थांबत होतं. मग भोक. आणि भोकाच्या खाली दोन ओळी सोडून, जिथवर त्यांनी कधी वाचलंच नव्हतं कारण तिथे कोठाराचा उल्लेख नव्हता, तिथे लिहिलं होतं की त्या कारकुनाला बेड्या घातल्या. शब्द स्पष्ट होता. वाचायला भिंगसुद्धा लागलं नाही.

सायंकाळी त्याने आपल्या घरवालीला कोठारात ठार केलं.

जिला फाईलताईंनी माल निवडायला बसवलं होतं, ती मरून पडली होती. फाईलताई स्टुलावर बसल्या. त्यांना रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा : हे आणखी कुणाला कळेल? हा विचार पहिला आला, याची लाज त्यांना पुढे कित्येक महिने त्या चुकीपेक्षा जास्त वाटत राहिली.

आणि त्या गप्प राहिल्या. हेही सांगायला हवं. तीन आठवड्यांनी नियतकालिकाकडून निबंधाची मुद्रितं तपासायला आली. चूक दुरुस्त करायची संधी पोस्टाने घरी चालून आली होती. फाईलताईंनी बारा पानं बारकाईने वाचली, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एक स्वल्पविराम घातला आणि सही करून पाठवून दिलं. निबंध छापून आला. नवऱ्याने अंक हातात घेऊन कौतुकाने पानं उलटली, तर त्या म्हणाल्या, “ठेव तो. जेवायला बस.” मागच्या गल्लीने जायचं त्यांनी सोडून दिलं. मोठ्या रस्त्याने वळसा घालून जात.

हे असंच चाललं असतं कदाचित. पण दुसऱ्या एका विद्यापीठातल्या मुलीचं पत्र आलं. ‘बाई, तुमच्या निबंधातल्या त्या कष्टकरी स्त्रीवर मी माझ्या प्रबंधात एक प्रकरण लिहिते आहे. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून काम करणारी ती स्त्री माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.’

ते वाचून फाईलताईंनी पत्र टेबलावर पालथं ठेवलं. खांद्याला खांदा. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. ‘मागच्या गल्लीत राहतात’ या उत्तरासकट. तो म्हणाला, “चुकीचं काय, ती खोडता येईल. पण सिस्टरना तू...” आणि वाक्य अर्धंच सोडून उठून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

सरांकडे गेल्या तेव्हा त्यांनी रोजनामा, वही आणि छापील अंक अशा तिन्ही गोष्टी समोर ठेवल्या. सरांनी वहीतला कंस पाहिला. खूप वेळ पाहिला.

“हा कंस कधी काढून टाकलात?”

“टंकलेखनात, सर.”

“चुकून?”

‘चुकून’ म्हणायला जीभ वळत होती. “नाही,” त्या म्हणाल्या. “दिसत होता. राहू दिला नाही.”

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मला डच येत नाही. म्हणून मी तुमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. माझंही चुकलंच. पण हे आता तुम्हालाच निस्तरावं लागेल. चारचौघांत.”

“अजून एक आहे, सर. मी एकटीने नाही शिकले. त्या दिवशी आल्या होत्या ना, इस्त्रीच्या साडीतल्या. त्यांनी शिकवलं. ही चूक त्यांनीच काढली.”

सरांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की फाईलताईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

नियतकालिकाने दुरुस्ती छापली. चर्चासत्रात फाईलताईंनी उभं राहून ती वाचून दाखवली. आवाज मध्येच बसला, कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि त्या दयेनेच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाळ्या पडल्या नाहीत, हे ठीकच झालं. अकरा पानं प्रबंधातून गेली. पदवी दोन वर्षं लांबली. त्या मुलीला त्यांनी सविस्तर पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, दोन ओळींचं आणि थंड. दप्तरखान्यात कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. पण चहाच्या वेळी त्या आत आल्या की बोलणं एकदम हवेवर आणि बढत्यांवर जायचं.

सिस्टरकडे जायला मात्र त्यांना आणखी महिना लागला. शिंप्याचं यंत्र चालू होतं. जिना चढून त्यांनी बेल वाजवली. दार उघडलं.

“या,” सिस्टर म्हणाल्या. “बसा ना.”

आजवर ‘ये गं’ होतं. फाईलताई दारातच अडखळल्या. त्यांनी घोकून आणलेलं सगळं भराभरा सांगितलं : फॉर्ममधलं, चर्चासत्रातलं, मुद्रितांमधलं. सिस्टरनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, “वाचलं मी दुरुस्तीचं. चांगलं केलंत. चुका सगळ्यांच्याच होतात. मीही वॉर्डात केल्यात.”

“मावशी, मी त्या दिवशी तुम्हाला...”

“ते राहू द्या,” सिस्टर एकदम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. “अठ्ठावीस वर्षं परक्या मुलखात मी ‘ती बाहेरची बाई’ होते. सवय आहे मला. इथे येऊन मात्र वाटलं नव्हतं.” मग त्यांनी चहा टाकला.

निघताना फाईलताईंनी सांगितलं की त्या कारकुनावर खटला चालला होता, त्याचं बाड कपाटात सापडलंय, साक्षीपुराव्यांसकट. अक्षर लागतंय, पण अर्थ एकटीने लावायची आता हिंमत होत नाही.

सिस्टर कपबशा विसळत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “येईन मी. तुमच्यासाठी नाही. त्या बाईसाठी येईन.”

आता दर बुधवारी दुपारी तीनला सिस्टर दप्तरखान्यात येतात. वहीत सही करतात, मोठ्या मेजाशी बसतात आणि फाईलताईंना ‘तुम्ही’च म्हणतात. फाईलताई त्यांना मावशी म्हणतात. त्याला त्यांनी हरकत घेतलेली नाही, प्रतिसादही दिलेला नाही. एका तासाचं पान पुन्हा दोन बैठकांवर गेलं आहे.

त्या बाडात मेलेल्या बाईचं नाव कुठेच नाही. सगळीकडे ‘कारकुनाची घरवाली’. शेजारच्या धोबिणीची साक्ष आहे : त्या सायंकाळी तिने कोठारातून बाईचा आवाज ऐकला, ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. तो शब्द लिहिणाऱ्याने जसा ऐकला तसा लिहिला आहे. तो डच नाही. फाईलताईंनी तो दहा तऱ्हांनी वाचून पाहिला, सिस्टरनी डोळे मिटून दहाही वेळा ऐकला. कुणाचं नाव असेल, किंवा तिच्या माहेरच्या बोलीतली हाक. पाऊण तास गेला.

“नाही कळत,” सिस्टर म्हणाल्या.

फाईलताईंनी अनुवादाच्या वहीत तो शब्द होता तसा, अक्षराला अक्षर, उतरवून घेतला, आणि धोबिणीची पुढची ओळ वाचायला घेतली.